फाइल टाकायच्या आधी एकदा निवांत बोलू

कॅनडाला यायचं ठरलं की घरात पहिली चर्चा एजंट कुठला धरायचा याची होते. मग कोणाच्या तरी साडूच्या मुलाचं काम ज्याने केलं त्याचा नंबर फिरत फिरत येतो, आणि पासपोर्टची कॉपी, दहावी-बारावीच्या मार्कशीट, वडिलांचं बँक स्टेटमेंट सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. फॉर्मवर नक्की काय भरलं हे मात्र ज्याच्या नावाची फाइल आहे त्यानेच बघितलेलं नसतं. मी टोरोंटोजवळ मिसिसागाला इमिग्रेशन कन्सल्टंट म्हणून काम करते, मूळची सांगलीकडची, आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांचं दुखणं नेमकं इथेच सुरू झालेलं असतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं सांगते. पैसे घेऊन दुसऱ्याची कॅनडाची फाइल चालवायची तर ते कोणी करायचं हे इमिग्रेशनच्या कायद्यात ठरलेलं आहे, कलम ९१. वकील, ओंटारियोतले पॅरालीगल, क्युबेकचे नोटरी, आणि आमच्यासारखे लायसन्सवाले कन्सल्टंट, ज्यांना इथे आरसीआयसी म्हणतात. बस्स. आमच्यावर लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स, नोव्हेंबर २०२१ पासून. नावात कॉलेज आहे पण तिथे वर्ग भरत नाहीत, लायसन्स देणं, तक्रार ऐकणं, चुकलं तर कारवाई करणं हे काम. त्यांच्या साइटवर सगळ्यांची यादी आहे, कोणीही नाव टाकून बघू शकतं की हा माणूस खरंच लायसन्सवाला आहे का आणि त्याच्यावर आधी काही कारवाई झालीय का. दोन मिनिटांचं काम आहे हो, आणि लोक पाच लाख देताना ते करत नाहीत. भारतात बसलेल्या बिनलायसन्सच्या माणसावर इथून कारवाई करणं फार अवघड जातं, म्हणून ही दोन मिनिटं तुमचीच आहेत.

मी कोणाची फाइल घेतली की एक फॉर्म भरावा लागतो, आयएमएम ५४७६, की ही बाई माझी प्रतिनिधी आहे, आणि त्यावर क्लायंटची सही. बिनलायसन्सवाला हा फॉर्म भरूच शकत नाही. मग तो काय करतो, तुमच्या नावाने एक नवीन जीमेल उघडतो, त्यावर अकाउंट काढतो, आणि तुम्हीच स्वतः फाइल भरली असं दाखवतो. पासवर्ड त्याच्याकडे. इमिग्रेशनकडून काहीही आलं, कागद मागितला, मुदत दिली, शंका काढली, तर ते त्याच्या मेलवर जातं. साताऱ्याची एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिला वाटत होतं की फाइल अजून पेंडिंग आहे. आम्ही बसून अकाउंट मिळवलं, उघडलं, तर आत ऑफिसरचं पत्र होतं, की तुमच्या एका उत्तराबद्दल आम्हाला शंका आहे, ठरलेल्या मुदतीत खुलासा द्या. मुदत कधीच संपली होती आणि खालीच रिफ्युजलचं पत्र होतं. ती दोन्ही पत्रं तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. आई शेजारी बसली होती, तिला इंग्रजी येत नव्हतं, ती सारखी विचारत होती काय लिहिलंय गं, काय लिहिलंय, आणि मुलीच्या तोंडून शब्द फुटेना.

शंका कशाबद्दल होती ते पण सांगते कारण ही गोष्ट परत परत दिसते. फॉर्मवर एक प्रश्न असतो की तुम्हाला कॅनडाने किंवा दुसऱ्या कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारलाय का. तिला आधी अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा नाकारला होता. एजंटने "नाही" भरलं. त्याचं म्हणणं, अमेरिकेचं यांना कशाला सांगायचं. आता कॅनडा आणि अमेरिका एकमेकांकडे माहिती तपासतात, बोटांचे ठसे जुळतात, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण त्याला फाइल टाकायची होती आणि पैसे घ्यायचे होते. नाकारलेला व्हिसा हा गुन्हा नाही. तो सांगून, वर दोन ओळीत कारण लिहून कितीतरी लोकांना व्हिसा मिळालाय. पण तो लपवला तर कलम ४० लागतं, मिसरिप्रेझेंटेशन, आणि पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. पाच वर्षं! बाविसाव्या वर्षी ज्या मुलीला हे लागतं तिचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं त्या पाच वर्षांत येतं. आणि सही तिचीच असते, त्यामुळे मला माहीत नव्हतं हे सांगून सहसा सुटका होत नाही.

म्हणून मी पहिल्या भेटीत फॉर्म काढतच नाही. नुसतं बोलायचं. कुठे शिकलात, मधल्या वर्षी काय केलं, कोणाचे पैसे, कोणी आजारी आहे का, आधी कुठे नाकारलंय का, पोलीस केस वगैरे. लोकांना वाटतं मॅडम फार चौकश्या करतात. मला तुमची गोष्ट आधी पूर्ण समजली पाहिजे, मगच ती कागदावर नीट मांडता येते.

आता पैशांचं. आपल्याकडच्या फाइली इथे सगळ्यात जास्त अडकतात आणि याच्याबद्दल नीट कोणी लिहीत नाही. समजा कोल्हापूर-सांगलीकडचं शेतकरी घर आहे. बारा-पंधरा एकर ऊस, घर चांगलं, पण इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न अगदी कमी, कारण शेतीच्या उत्पन्नावर टॅक्सच नाही. ऑफिसर दिल्लीत नाहीतर कुठेतरी तिसरीकडेच बसलेला, त्याच्यासमोर रिटर्न येतो चार लाखांचा आणि मुलाच्या कॉलेजची फी आहे पंधरा लाखांची. वर बँक स्टेटमेंट बघितलं तर वर्षभर खात्यात थोडेथोडके पैसे आणि मधेच एकदम सहा लाख आले. त्याला काय वाटणार, कोणाकडून तरी उसने आणून टाकलेत. आणि तुम्हाला-मला बघताक्षणी कळतं की हे कारखान्याचं ऊसबिल आहे. त्याला ते कसं कळणार? त्याने उसाचा फड बघितला असेल असं धरून चालता येत नाही.

तर ते सांगायचं. कारखान्याची बिलाची पावती लावायची, ज्यावर टनेज असतं आणि दर असतो. सातबारा आणि आठ-अ लावायचा, इंग्रजी भाषांतर करून, भाषांतर करणाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रासकट. गेल्या दोन-तीन हंगामांची बिलं लावली की दिसतं दरवर्षी याच सुमाराला पैसे येतात. सोसायटीचं पीककर्ज असेल तर तेही लिहायचं, लपवायचं नाही, कारण बिलातून कपात झालेली पावतीवर दिसतेच. आणि एक साधं पत्र, की आमचं घर शेतीवर चालतं, शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून रिटर्नमध्ये आकडा कमी दिसतो, पैसे हंगामात एकदम येतात, हे घ्या पुरावे. असं पत्र लिहायला मला एक संध्याकाळ लागते आणि मला ते काम मनापासून आवडतं, कारण त्या माणसाने वर्षभर शेतात राबून कमावलेला पैसा कोणा परक्याला खोटा वाटू नये असं मला फार वाटतं.

याउलट एजंट काय करतो तर कोणाकडून तरी महिन्याभरासाठी पैसे आणून एफडी दाखवतो, त्याचं व्याज वेगळं घेतो. खरे पैसे असलेल्या घराची फाइल तो खोटी करून टाकतो. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

पीआरच्या, म्हणजे कायमचं राहण्याच्या परवान्याच्या फाइलमध्ये मात्र सातबारा चालत नाही हे लक्षात ठेवा. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पॉइंटवर पीआर देण्याच्या पद्धतीत, बाहेरून येणाऱ्याला सेटलमेंट फंड, म्हणजे सुरुवातीच्या खर्चाचे पैसे, दाखवावा लागतो, जुलै २०२५ च्या आकड्यांप्रमाणे एकट्याला १५,२६३ डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला २८,३६२. तो रोख हाताशी पाहिजे, कर्जाचा नको, जमीन-घराची किंमत त्यात धरत नाहीत. वडिलांनी दिले असतील तर गिफ्ट डीड करून आपल्या खात्यात घ्या आणि वेळेवर घ्या, शेवटच्या आठवड्यात नको.

बरं, कागदांचं आणखी एक. आपल्याकडे जन्माची नोंद बारशाच्या आधीच होते, त्यामुळे जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना रिकामा असतो. तीस वर्षं कोणाचं काही अडत नाही आणि मग आई-बाबांना इकडे बोलवायचं म्हटलं की नातं दाखवायला तोच दाखला लागतो आणि त्यावर नावच नाही. ग्रामपंचायतीत नाहीतर महापालिकेत जाऊन नावाची नोंद करून घेता येते, पण त्याला वेळ जातो. आई-बाबांच्या पिढीत तर अर्ध्या लोकांची जन्मतारीख १ जून, मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. पासपोर्टवर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधारवर सगळीकडे तीच असेल तर काही बिघडत नाही, घाबरू नका. एका कागदावर १ जून आणि दुसऱ्यावर खरी तारीख असं असेल तर मात्र भारतातच आधी दुरुस्त करा. लग्नानंतर बदललेलं नाव, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हे पण तसंच, गॅझेट काढून ठेवलेलं बरं.

आता सगळ्यात अवघड भाग. जे आधीच इथे आहेत त्यांना खरं सांगणं.

नाशिककडचा एक मुलगा, तपशील थोडे बदलून सांगते. दोन वर्षांचा डिप्लोमा, मग शिक्षणानंतर काम करायला मिळतं ते तीन वर्षांचं पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट, वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर. परमिट संपायला चार महिने. एक्सप्रेस एंट्रीतला स्कोअर पाचशेच्या बराच खाली आणि २०२५ मध्ये कॅनेडियन एक्सपिरियन्सचे ड्रॉ, म्हणजे इथल्या कामाचा अनुभव असलेल्यांना स्कोअरप्रमाणे बोलवायच्या फेऱ्या, पाचशेच्या वरच गेले. तो आला तेव्हा त्याला तीन जणांनी तीन सल्ले दिले होते. पहिला, एलएमआयए, म्हणजे बाहेरचा माणूस कामावर घ्यायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी, विकत घे, पॉइंट वाढतील. मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे पॉइंटच काढून टाकलेत हे त्या विकणाऱ्याने त्याला सांगितलं नव्हतं, आणि मुळात एलएमआयएचा खर्च कामगाराकडून घेणं बेकायदेशीर आहे. दुसरा सल्ला, परत कुठल्यातरी कॉलेजला ॲडमिशन घे. तिसरा, रेफ्युजी क्लेम टाक, निकाल लागेपर्यंत वर्षं मिळतील.

हा तिसरा सल्ला देणाऱ्यांचा मला खरोखर संताप येतो. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्यासाठी तो रस्ता आहे. या मुलाच्या जिवाला नाशकात काहीही धोका नव्हता, आई दर शनिवारी व्हिडिओ कॉल करून जेवलास का विचारत होती. खोटं शपथेवर सांगायचं, पुढच्या प्रत्येक अर्जात ते चिकटून राहणार, आणि ज्यांना खरंच आसरा हवा त्यांची रांग आणखी लांब.

मी त्याला कागदावर लिहून दाखवलं. सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आकडे कमी केले, २०२५ साठी आधी ५ लाख पीआर द्यायचे ठरले होते ते ३ लाख ९५ हजारांवर आणले, म्हणजे हे तुझ्या एकट्याच्या नशिबाचं नाही. तुझ्या हातात काय आहे, तर एक, प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे एखाद्या प्रांताने पीआरसाठी तुझं नाव सुचवणं, त्याचे ६०० पॉइंट मिळतात पण तुझ्या कामाच्या प्रकाराला आत्ता संधी कमी. दोन, फ्रेंच. फ्रेंचवाल्यांचा ड्रॉ मार्च २०२५ मध्ये ३७९ ला गेला होता, पण ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही भागांत सातची लेव्हल लागते आणि ती नोकरी करून चार महिन्यांत होणार नाही. तीन, परमिट संपायच्या आत परत जा, तिकडे नोकरी कर, फ्रेंच शीक, स्वच्छ रेकॉर्ड ठेवून बाहेरून अर्ज कर. तो म्हणाला, "ताई, काहीतरी असेलच ना." मी म्हटलं असतं तर तुझ्यापासून लपवून मला काय मिळणार आहे. बराच वेळ बसला. मग त्याने विचारलं की घरी काय सांगू, वडिलांनी जमीन गहाण ठेवलीय. याचं उत्तर इमिग्रेशनच्या कुठल्याच कायद्यात नाही. मी त्याच्या वडिलांशी फोनवर बोलले, त्याच्यासमोरच, आणि सांगितलं की काका, पोरगं कुठे चुकलेलं नाही, पाच वर्षं इथे नियमाने राहिला, टॅक्स भरला, नियमच बदलले. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले येऊ दे त्याला घरी, बघू आपण. तो गेला, आता पुण्यात नोकरी करतोय आणि फ्रेंचचा क्लास लावलाय.

पीआर मिळून उतरतात त्यांचं वेगळं. त्यांना वाटतं आता झालं. खरं काम तर टोरोंटोच्या पिअर्सन एअरपोर्टच्या बाहेर आल्यावर सुरू होतं, आणि बऱ्याच गोष्टी फुकट असतात हेच माहीत नसतं. नोकरीसाठी लागणारा सिन नंबर सर्व्हिस कॅनडाच्या सरकारी ऑफिसात फुकट मिळतो, तो काढून देतो म्हणून पैसे मागणारे आहेत, देऊ नका. ओंटारियोचं हेल्थ कार्ड, ओहिप, त्याला आधी तीन महिने थांबावं लागायचं, ते मार्च २०२० पासून गेलं, लोक अजून जुने व्हिडिओ बघून थांबतात. पीआरवाल्यांसाठी सरकारी पैशावर चालणाऱ्या सेटलमेंट संस्था आहेत, रेझ्युमे बघून देतात, मुलांच्या शाळेचं सांगतात, इंग्रजीचे वर्ग घेतात, एक डॉलर लागत नाही. माझ्या फीमध्ये जे बसत नाही ते सगळं तिथे मिळतं आणि मी स्वतः लोकांना तिकडे पाठवते.

घर भाड्याने घेताना फर्स्ट-लास्ट, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं, एवढंच घरमालक मागू शकतो. डॅमेज डिपॉझिट इथे ओंटारियोत कायद्यात बसत नाही. नवीन माणसाकडे क्रेडिट हिस्टरी नसते म्हणून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात आणि लोक घाबरून देतात. त्यापेक्षा पहिले काही आठवडे ओळखीच्याकडे किंवा रूमवर काढा, नोकरीचं पत्र हातात आलं की बोलणं सोपं जातं. आणि घर बघितल्याशिवाय पुण्यात बसून पैसे कोणालाही पाठवू नका, फोटो कितीही छान असोत. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी निघायच्या आधी आरटीओतून लायसन्सचा एक्सट्रॅक्ट आणावा, किती वर्षांचा अनुभव आहे हे त्यावरून धरतात, इथून मागवायचा म्हणजे फार पळापळ होते.

नोकरीचं तर एक वेगळंच लिहायला पाहिजे. तिकडे मॅनेजर असलेला माणूस इथे पहिल्या हिवाळ्यात रात्रपाळीला खोकी उचलतो आणि घरी सांगत नाही. बायकोलाही कधी कधी सांगत नाही, लॅपटॉपची बॅग घेऊन निघतो. ते इकडे येण्याच्या आधीच मी दोघांना समोर बसवून सांगते की असं होऊ शकतं, सहा महिने, कधी वर्ष, त्याचे पैसे आणि मनाची तयारी दोन्ही ठेवा. काही गोष्टी सुधारल्यात, ओंटारियोच्या इंजिनिअर लायसन्सला कॅनडातलाच अनुभव पाहिजे ही अट २०२३ मध्ये काढली, आणि जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना ओंटारियोत जाहिरातीत कॅनेडियन एक्सपिरियन्स मागता येत नाही. पण जाहिरातीतून गेलं म्हणजे इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या डोक्यातून गेलं असं लगेच होत नाही, हेही सांगावं लागतं.

शेवटी आई-बाबांचं, कारण यावर सगळ्यात जास्त मेसेज येतात. त्यांच्या पीआरसाठी सोडत असते, आणि २०२० मध्ये ज्यांनी इंटरेस्ट फॉर्म भरला होता त्यांच्यातूनच २०२५ पर्यंत नावं निघाली, त्यामुळे बहुतेकांसाठी रस्ता सुपर व्हिसाचाच, म्हणजे आई-बाबांना जास्त दिवस राहायला मिळणाऱ्या व्हिसाचा. २०२२ च्या जुलैपासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. त्यात तुमचं उत्पन्न बघतात, आणि कुटुंबाची माणसं मोजताना येणारे आई-बाबाही मोजतात, बरेच जण हे विसरतात. मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी १ लाख डॉलरचा, एक वर्षाचा.

या इन्शुरन्सचा फॉर्म भरताना कृपा करून बाबांच्या गोळ्या लपवू नका. प्रीमियम वाढतो म्हणून शुगरची गोळी लिहीत नाहीत, बीपीची लिहीत नाहीत, आणि मग फेब्रुवारीत छातीत दुखलं म्हणून इमर्जन्सीला नेलं की कंपनी भारतातले रिपोर्ट मागवते आणि क्लेम नाकारते. बाहेरच्या माणसाला इथल्या हॉस्पिटलचं बिल दिवसाला हजारो डॉलरमध्ये येतं. पॉलिसीत स्टेबल असा शब्द असतो, म्हणजे ठरलेल्या दिवसांत औषध किंवा डोस बदललेला नको, काही पॉलिसीत नव्वद दिवस, काहींत एकशे ऐंशी. तर तिकीट काढायच्या आधी बाबांच्या डॉक्टरांकडे जा, कुठली गोळी, किती पॉवरची, डोस शेवटचा कधी बदलला हे तारखेसकट लेटरहेडवर लिहून घ्या, आणि तो कागद समोर ठेवूनच फॉर्म भरा. इन्शुरन्स एजंट म्हणाला एवढं नका लिहू, तर दुसरा एजंट बघा.